हातातून पडलं तेव्हा

नांदेडला गोदावरीच्या काठाने फरशी बसवलेली एक वाट आहे. चढ नाही, उतार नाही, कुठे खड्डा नाही. मध्येमध्ये बाकडी आहेत आणि एका बाजूने दिव्यांचे खांब. पोटुशा बाया तिथे फिरतात, गुडघे बदललेली माणसं फिरतात, नुकती पाय फुटलेली लेकरं आईचं बोट सोडून पळतात. शहरात याहून सोपी वाट नसेल. त्या वाटेवर पहिल्या दिवशी मी दोन खांब चाललो आणि बाकड्यावर बसून रडलो. बायको मागे उभी होती. तिला वाटलं, पाय दुखतोय म्हणून.

मी उदगीरचा भांड्याचा दुकानदार. वय एकसष्ट. दुकानात बसून भांड्यांवर नावं घालण्यात माझी उमर गेली. डाव्या हाताने भांडं घट्ट धरायचं, उजव्या हाताने मशीन चालवायचं. लग्नातलं भांडं असो की मयताच्या वाटपातलं, आमच्या गावात अर्ध्या घरांतल्या तांब्यांवर माझं अक्षर आहे. मागच्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आता बराच सुधारलो आहे. ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरात हे येईल त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे. पण माझ्या लिहिण्यात धीर देण्यापेक्षा कबुली जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. आजार झाला त्याची मला लाज नाही. आजार झाल्यावर मी जे केलं, आणि त्याचं खापर जिच्या डोक्यावर फुटू दिलं, त्याची आहे.

त्या सकाळी

लातूरला रेल्वेने पाणी आणलं ते वर्ष. आमच्याकडे उदगीरला टँकर यायचा, आणि तो कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. हॉर्न वाजला की गल्लीतल्या बाया हातातलं टाकून पळायच्या.

आम्ही लिंगायत. आमच्यात बाई असो की पुरुष, गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग असतं. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. एरवी ते अंगावेगळं करायचं नाही. आमच्या आजोबांच्या वेळी, लिंग हरवलं तर माणसाने जीव द्यावा असं बोलत. कोणी दिल्याचं मी ऐकलं नाही. पण बोलत, आणि लहानपणी कानावर पडलेलं जात नाही. त्यात मी या बाबतीत जरा जास्तच कडक. एका लग्नात भावकीतल्या एका पोराच्या गळ्यात लिंग दिसलं नाही म्हणून मी त्याला भर पंगतीत बोललो होतो.

त्या दिवशी सकाळी सहाला मी पाटावर बसलो होतो. पान ठेवलं आणि लिंग सरकलं. पाणी जास्त झालं असेल म्हणून मूठ आवळायला गेलो, तर बोटं आवळलीच नाहीत. लिंग पाटावर आपटलं, फरशीवर घरंगळलं आणि भिंतीपाशी जाऊन थांबलं.

माझा हात मेला होता, आणि मी हाताकडे बघितलंच नाही. मी लिंगाकडे बघत होतो. चाळीस वर्षांत कधी झालं नाही ते झालं, एवढंच डोक्यात. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय पडलं हो?"

दहा पावलांवर होती ती.

मी म्हणालो, "काही न्हाई. तांब्या लवंडला."

जीभ जड वाटली. वाटलं, भीतीने झाली असेल. उजव्या हाताने लिंग उचललं, धुतलं, पेटीत घातलं, पेटी गळ्यात अडकवली. एका हाताने हे करायला किती वेळ लागला ते आता मला कळतं, तेव्हा कळलं नाही. साडेसहाला टँकरचा हॉर्न वाजला. महानंदा, म्हणजे माझी बायको, घागरी घेऊन पळाली. जाताना ती दारातून म्हणाली की चहा ठेवलाय, गाळून घ्या. मी तिच्याकडे पाठ करून मान हलवली.

शर्टाच्या गुंड्या लागेनात म्हणून मी डोक्यातून घालायचा जुना झब्बा घातला आणि मठात गेलो. स्वामींना विचारणार होतो, प्रायश्चित्त काय म्हणून. डावी चप्पल वाटेत दोनदा निघाली. स्वामी एका गावाला लग्नाला गेले होते. दवाखाना मठाच्या पुढच्याच चौकात होता. मी त्याच्यावरून चालत पुढे गेलो.

गेलो कुठे, तर मांडवात. उदगीर जिल्हा करा म्हणून तेव्हा आमच्याकडे साखळी उपोषण चाललं होतं आणि त्या दिवशी पाळी माझी होती. मी लोडाला टेकून बसलो. हाताला जरा हालचाल आली असं वाटलं आणि मनाशी म्हणालो, टळलं. कोणाला सांगायचं कारणच नाही. दुपारी बाराच्या सुमाराला एकाने माईक हातात घेऊन घोषणा दिली, सगळ्यांनी मुठी वर केल्या, मीही केली. तोंड उघडलं तर शब्दाऐवजी लाळ आली. मी शेजारच्याच्या मांडीवर आडवा झालो.

लातूरचा दवाखाना

दोन वाजता लातूरला पोचलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण माणूस बरा. त्यांनी पहिलं विचारलं, नक्की कधी सुरू झालं. पहिल्या चार-साडेचार तासांत आला तर गाठ विरघळायची सुई देता येते म्हणाले. मांडवातल्या लोकांनी सांगितलं की अप्पा सकाळी आल्यापासूनच गप्प होते. डॉक्टरांनी महानंदाला विचारलं, सकाळी घरात कसे होते. ती म्हणाली, चांगले होते, मी पाण्याला गेले तेव्हा बसले होते. काही बदल दिसला का. ती म्हणाली, मी नीट बघितलं न्हाई.

मग डॉक्टर माझ्यावर वाकले. काका, सकाळी उठल्यावर हाताला मुंग्या आल्या होत्या का, काही सुटून पडलं का हातातून?

बोलता येत नव्हतं, पण मान हलवता येत होती. मी ती आडवी हलवली.

हे मला कितीदा तरी आठवतं. त्या वेळी कबूल केलं असतं तरी सुईची वेळ गेलेलीच होती, आजारात काही फरक पडला नसता. ज्यात फरक पडला असता ते पाच मिनिटांनी बाहेर झालं. स्ट्रेचर दाराशी होतं. माझा मुलगा संगमेश आईला म्हणाला, "पाण्यापायी तुला माणूस दिसला न्हाई का, अव्वा? शर्ट न घालता गेले अप्पा. कवा झब्ब्यावर बाहेर जातेत का ते?" ती पदराने तोंड पुसत राहिली. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांना वाटावं की मी शुद्धीत नाही.

मोठ्या मशीनमध्ये घालण्याआधी गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. महानंदाने माझ्या गळ्यातला दोरा काढला आणि पेटी स्वतःच्या गळ्यात अडकवली, तिच्या पेटीच्या शेजारी. तासभर माझं लिंग माझ्या अंगावेगळं होतं. ज्या गोष्टीच्या धसक्याने मी सकाळपासून हिंडलो होतो ती एका सिस्टरच्या सांगण्यावरून झाली, आणि कोणालाही काही झालं नाही.

दवाखान्यात सात दिवस काढले. रोजचा दिवस पाण्याभोवती फिरायचा. प्यायचं पाणी नातेवाइकांनी आणायचं, अंग पुसायला अर्धी बादली. ओल्या फडक्याने महानंदा आधी माझं तोंड पुसायची, मग हात, मग पाय, आणि उरलेल्या पाण्यात माझे कपडे खंगाळायची. मोठ्या माणसाचं अंथरूण ओलं होतं तेव्हा काय वाटतं ते ज्याचं झालं त्यालाच ठाऊक. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी एका तांब्यात पाणी झाकून घेऊन आल्या आणि म्हणाल्या की देवाला लागतंय ना तुमच्या, ठेवा. लातूरच्या त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी कोणी कोणासाठी बाजूला काढत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींना वाटलं, माणूस भाविक आहे.

त्याच दिवसापासून महानंदाने माझ्या पूजेची रीत बसवली. माझा डावा हात ती मांडीवर घ्यायची, उताणा करायची, त्याखाली स्वतःचा तळहात लावायची आणि वर लिंग ठेवायची. पाणी मी घालायचो. ते माझ्या बोटांतून तिच्या हातात आणि तिच्या हातातून ताटलीत पडायचं. तिचा हात भरून आला तरी ती हलायची नाही. तिच्यावरचा आळ मी जाणूनबुजून राहू दिला होता, आणि रोज सकाळी तिच्याच हातावर माझी पूजा होत होती. तुम्ही म्हणाल, तेव्हाच का सांगितलं नाही. जीभ जड आहे हे निमित्त मला होतं. पुढे जीभ हलकी झाली आणि ते निमित्तही गेलं. तरी मी गप्पच राहिलो.

सगळ्यात सोपी वाट

लातूरला पाणी नाही, उदगीरला नाही. नांदेडला निदान नळ चालू होते आणि लेक गिरिजा तिथे दिलेली. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिच्या घराजवळ व्यायाम करून घेणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी सांगितलं की रोज सकाळी नदीकाठच्या फरशीवर चालायचं, सपाट आहे, पडायची भीती नाही.

नदी नावालाच होती. पात्रात खडक उघडे पडलेले, कुठे डबकं, त्याला वास. पोरं पात्रात क्रिकेट खेळायची. काठावरून मी चार पायांची काठी घेऊन चालायचो आणि महानंदा दोन पावलं मागे, हातात पाण्याची बाटली आणि रुमाल. लाळ आली की पुढे येऊन पुसायची, परत मागे जायची. मला त्याचा राग यायचा. लोकांसमोर पुसू नको म्हणून मी तिच्यावर खेकसायचो. मग ती आजूबाजूला बघून, कोणी नाही असं झालं की पुसायची.

डावा हात मी टॉवेलखाली झाकून ठेवायचो. समोरून कोणी ओळखीचं येतंय असं वाटलं की बाकड्यावर बसून नदी बघत असल्याचं सोंग करायचो. बघायला नदीत काही नव्हतं. दोन खांबांचे चार झाले, चाराचे सात. ताई शाबासकी द्यायच्या. महानंदा घरी आल्यावर गिरिजाला सांगायची की आज आमचे सात झाले. आमचे, म्हणायची.

एकदा तिचा भाऊ भेटायला आला. संगमेशने त्याच्या कानावर घातलंच होतं. जाताना तो बहिणीला म्हणाला की पुन्हा असं गाफील राहू नको. तिने खाली मान घालून हो म्हटलं आणि त्याला दारापर्यंत पोचवायला गेली. मी खुर्चीत बसून ऐकलं. ती माघारी आली आणि विचारलं की चहा देऊ का. मी दे म्हणालो.

तिकडे उदगीरमध्ये माझं भलतंच झालं होतं. समितीने मांडवात माझा फोटो लावला. जिल्ह्यासाठी उपोषण करताना अप्पांना पक्षाघात. संगमेशने फोटो फोनवर पाठवला. जिल्हा झाला की पहिला सत्कार तुमचाच असं एकाने फोन करून सांगितलं. म्हणजे गावात मी जिल्ह्यासाठी झिजलेला, घरात बायकोच्या दुर्लक्षाने आडवा झालेला. खरं काय ते एका मलाच माहीत, आणि मी टॉवेलखाली हात झाकून बसलेला.

सोनकांबळे

त्या वाटेवर एकजण रोज भेटायचे. सोनकांबळे, उमरीचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. छातीचं ऑपरेशन झालेलं. लांबूनच जयभीम अप्पा म्हणायचे, मी शरणार्थ म्हणायचो, आणि ते बाकड्यावर टेकायचे. त्यांना प्रत्येक गोष्ट वेळेत सांगायची खोड. स्वतःचं सुद्धा तसंच सांगायचे, चार वाजून दहा मिनिटांनी कळ आली, चार पस्तीसला टेबलावर. कोणाचंही आजारपण ते असं विचारून घ्यायचे, गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली या हिशेबाने.

मृग लागला होता आणि आभाळात काही नव्हतं. त्या दिवशी मी अकरा खांब चाललो. अकराव्यापाशी बाकडं होतं, तिथे ते आधीच बसले होते. माझ्या शेजारी महानंदा टेकली. त्यांनी माझं विचारलं.

मी म्हणालो, बाराला झालं, दोनला लातूर, सुई काही मिळाली नाही.

सोनकांबळेंनी बोटं मोजली. "उदगीर-लातूर दीड तास. म्हंजे गाडी टायमात हाय की तुमची. मग सुई का न्हाई दिली? कुठं लेट झाली?"

उत्तर महानंदाने दिलं. अगदी सरळ आवाजात दिलं, रोज मनात म्हणून पाठ झाल्यासारखं. "सकाळपासूनच होतं त्यांना. मी पाण्याला गेले होते, टँकर आला होता. माझं ध्यान न्हाई राहिलं. माझ्यामुळं झालं." आणि आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून तिने माझी हनुवटी पुसली.

एका परक्या माणसाला ती हे सांगत होती. कोणी तिच्याकडे मागितलं नव्हतं. मला तिथे बसवेना आणि उठताही येईना.

"न्हाई," मी म्हणालो. "सहाला झालं. लिंग पडलं हातातून."

तिला आधी कळलंच नाही. "कधी?"

"तू इचारलीस बघ, काय पडलं म्हणून."

"तांब्या म्हणलात तुम्ही."

"हाव."

"म्हंजे मी घरातच होते."

"हाव."

सोनकांबळेंनी घड्याळाकडे बघितलं, पेपरची घडी केली आणि मला वेळ झाला म्हणून उठून गेले. महानंदा पात्राकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, ती काहीतरी जुळवत होती. मग म्हणाली, "डॉक्टरनं तुम्हाला इचारलं. माझ्या देखत इचारलं."

मी मान खाली घातली.

"दोन म्हैने मी देवापुढं नाक घासून राहिले. पाण्याला गेले नसते तर, पाण्याला गेले नसते तर." तिचा आवाज चढला नव्हता. "एक हाक मारायची होती. मी काय परकी होते? लिंग मी उचलून दिलं असतं, तुम्हाला दवाखान्यात नेलं असतं."

तिने बाटली आणि रुमाल माझ्या शेजारी बाकड्यावर ठेवला, उठली आणि चालू लागली.

अकरा खांब

अकरा खांब म्हणजे रिक्षा मिळते त्या फाटकापर्यंतचं अंतर. तिने मागे वळून बघितलं नाही. मी उठलो. ती मागे असताना मी हे अंतर चाललो होतो, आणि तोवर मला माहीत नव्हतं की मी तिच्या चपलांचा आवाज ऐकत चालतो. आता आवाज नव्हता. पुढे तिची पाठ होती. लग्न झाल्यापासून ती माझ्या मागे चालत आली, त्यामुळे तिची पाठ मी अशी कधी निरखलीच नव्हती. एका बाजूला वाकली होती. दोन महिने मला उठवून, बसवून, कुशीवर वळवून वाकली असणार.

सहाव्या खांबाशी डावी चप्पल निघाली. कठड्याला टेकून मी उजव्या हाताने ती पायात सरकवत होतो तेव्हा एक मुलगी थांबली, आजोबा मदत करू का म्हणाली. मी नको म्हणालो. लाळ गळत होती. रुमाल बाकड्यावरच राहिला होता. टॉवेलाने पुसली आणि त्या दिवशी प्रथमच डावा हात सगळ्यांना दिसेल असा लोंबत होता. कोणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

फाटकाशी पोचायला मला रोजच्या दुप्पट वेळ लागला. महानंदा रिक्षात बसली होती. रिक्षावाल्याला तिने थांबवून ठेवलं होतं. मी जवळ गेलो तशी ती न बोलता आत सरकली, माझ्या उजव्या हाताला दांडी सापडेल अशा बाजूला जागा करून. घरी जाईपर्यंत आम्ही दोघं दोन बाजूंना बघत बसलो.

हात

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःची पूजा केली आणि उठून गेली. मी पाटावर बसून होतो. समोर तांब्या, बेल, विभूती. थोड्या वेळाने मी विचारलं, आज हात देत नाहीस का.

ती दारात आली. गिरिजा तिच्या मागे उभी होती. महानंदा म्हणाली, "आधी संगमेशला सांगा. मग देते."

मी म्हणालो की दुपारी सांगतो, आता तो दुकान उघडत असेल. ती तिथेच उभी राहिली. गिरिजाने फोन लावून माझ्यापुढे स्पीकरवर ठेवला. मी सांगितलं. जीभ अडखळत होती, आणि या वेळी तो आजार नव्हता. सहा वाजता, लिंग, तांब्या, डॉक्टर, मान हलवली ते, सगळं सांगितलं.

पलीकडे शटरचा आवाज थांबला. मग संगमेश म्हणाला, "अप्पा, दवाखान्यात मी अव्वाला काय काय बोललो."

"हाव."

"तुम्ही शुद्धीत नव्हता तेव्हा."

"होतो. ऐकत होतो."

मुलाने बापाला काय बोलावं याची आमच्याकडे रीत आहे, आणि तो ती पाळणारा आहे. अव्वाला फोन द्या एवढंच म्हणाला. महानंदाने मान आडवी हलवली, नंतर म्हणून. मग मामालाही फोन लाव म्हणून तिने गिरिजाला सांगितलं. तिच्या भावालाही मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानंतर ती मोरीत गेली, हात धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि माझ्या हाताखाली तिने तळहात लावला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पुढे कित्येक दिवस बघितलं नाही. हात मात्र रोज दिला.

उदगीर

पाऊस लागल्यावर आम्ही गावी आलो. समितीला मी सांगितलं की माझा फोटो काढा, मला जे झालं ते घरून निघतानाच झालं होतं. ते म्हणाले, आता लोकांमध्ये गेलंय, राहू द्या. मी स्टुलावर संगमेशला चढवून फोटो काढायला लावला. जिल्हा काही अजून झालेला नाही.

मठातही गेलो. इतक्या दिवसांनी स्वामींना विचारलं, प्रायश्चित्त काय. ते आधी हसले. मग म्हणाले, "लिंग पडलं तर उचलायचं, धुवायचं, परत घालायचं. हात पडला तर दवाखान्यात जायचं. एवढं सांगायला मी लागतो व्हय अप्पा?" ज्या पोराला मी पंगतीत बोललो होतो त्याच्या घरीही गेलो. तो आता पुण्याला असतो. त्याच्या आईकडे निरोप ठेवला.

नांदेडला ताईंच्या व्यायामाच्या खोलीत बसून मी बऱ्याच जणांना विचारलं, तुमचं कसं झालं. उशीर बहुतेकांना झालेला. एका बाईने उपास मोडला म्हणून देव कोपला असं समजून दिवस काढला. एक मास्तर आदल्या दिवशी पिऊन आले होते म्हणून घरी बोलले नाहीत. प्रत्येकाने आपापल्या घरी तांब्या लवंडला असंच काहीतरी सांगितलेलं. तेव्हा माझ्यासारख्यांना एवढंच सांगेन. हात अचानक मेला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर त्या वेळी मनात जी लाज येईल तिचं ऐकू नका. घरात जे कोणी असेल त्याला हाक मारा. आणि पेशंटच्या घरच्यांना सांगेन की उशीर का झाला हे विचारताना, जी बाई दिवसभर राबते तिच्याकडेच पहिलं बोट दाखवू नका.

आता मी दुकानात बसतो. डाव्या हातात चमचे-वाट्या राहतात, मोठं भांडं राहत नाही, ते संगमेश धरतो आणि मी नाव घालतो. अक्षर जरा तिरकं येतं. गावातून चालतो तेव्हा महानंदा बरोबरीने चालते, मागे नाही. हे कोणी ठरवलं नाही.

परवा ताईंनी फोनवर सांगितलं की पूजा एकट्याने करून बघा, त्यानेही हाताला व्यायाम होईल. काल सकाळी महानंदाने माझ्या पाटापुढे सतरंजीची घडी अंथरली, हात माझ्या हाताखाली लावला आणि मी मान हलवल्यावर काढून घेतला. ती स्वयंपाकघरात गेली. मी लिंगावर पाणी घातलं. विभूती लावली. बेलाचं पान ठेवलं. बोटं थरथरायला लागली, मग अंगठा सुटला, आणि लिंग सरकून सतरंजीवर पडलं.

"काय पडलं हो?" तिने आतून विचारलं.

"महानंदा," मी म्हणालो, "लिंग पडलं. ये."

पिठाच्या हातांनी ती बाहेर आली.